काकूंची पावलं दिसेनात

खुट्टकाकांचं खरं नाव नाट्यमंडळात कुणालाच आठवत नव्हतं. तालमीत कुठे काही वाजलं, कुणाची खुर्ची सरकली, कुणी बोटं मोडली, की मागच्या टेबलावरून प्रश्न यायचा, "कोण खुट्ट करतंय?" त्यातून हे नाव पडलं आणि चिकटलं. नोकरीत असताना ते पाणीपुरवठ्यात होते. रस्त्याखालच्या नळाला कान लावायचा आणि गळती कुठे आहे ते सांगायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर माणूस घरी बसला, पण कान काही बसेनात. मग ते नाटकांना आवाज पुरवायला लागले आणि घरात काकूंच्या डोक्याला नवा ताप सुरू झाला.

कारण आवाज आणायचे कुठून? घरातूनच. न्हाणीघराचं दार करकरतं म्हणून काकू तेल घालायला गेल्या, तर हे आडवे. कपाट सरकवलं, बादली आपटली, वरच्या मजल्यावर नवराबायकोची जुंपली, की हे खिशातलं छोटं यंत्र काढून उभे. तोंडासमोर एक बोट, म्हणजे काकूंनी गप्प बसायचं. काकू काही महत्त्वाचं सांगत असल्या तरी ह्यांचं लक्ष त्यांच्या मागे ठिबकणाऱ्या नळाकडे. तुम्ही सगळ्या जगाचं ऐकता, माझं सोडून, असं काकू म्हणायच्या. ते खरंही होतं आणि खोटंही, कारण डब्यात सगळ्यांत जास्त आवाज काकूंचेच होते.

डबा म्हणजे काकांची हार्ड डिस्क. हल्ली खिशात मावणाऱ्या मिळतात तशी नव्हे. जुनी, जाडजूड, जेवणाच्या डब्याएवढी. तिला विजेची वायर वेगळी, कॉम्प्युटरला जोडायची वेगळी, आणि समोर एक निळा दिवा. त्या डब्यात पाऊस होता, कुत्रं होतं, अडकलेली खिडकी होती, आणि काकूंची शिंक होती.

ह्या शिंकेनंच घोळ घातला. एका विनोदी नाटकात ती वाजली आणि प्रेक्षकांनी थिएटर डोक्यावर घेतलं. मंडळातल्या एकानं मागितली, काकांनी फुशारकीत देऊन टाकली. त्यानं दुसऱ्याला दिली, दुसऱ्यानं तिसऱ्याला, आणि बघता बघता अर्ध्या गावाचे फोन काकूंच्या आवाजात शिंकायला लागले. बँकेच्या रांगेत पुढच्या माणसाच्या खिशातून स्वतःची शिंक ऐकू येणं म्हणजे काय, ते काकूंनाच ठाऊक. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी काकांची अशी काही हजेरी घेतली की काकांनी तिथल्या तिथे वचन दिलं. ह्यापुढे तुझा एकही आवाज डब्याबाहेर जाणार नाही. कुणाच्या फोनवर नाही, कुठल्या कॉम्प्युटरवर नाही. वाजेल तो डब्यातूनच वाजेल. हे वचन ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर आता पावलांचं. मंडळाचं नवं नाटक होतं एका मुलीचं. आई भांडून घर सोडून गेलेली, मुलगी रोज खिडकीत बसून तिची वाट बघते, आणि मधूनमधून घरमालक येऊन घर खाली करायला धमकावतो. शेवटी हळूहळू सगळे दिवे जातात, काळामिट्ट अंधार होतो, आणि त्या अंधारात लाकडी जिन्यावरून पावलं वर येतात, दारापाशी थांबतात. मुलगी विचारते, "कोण आहे?" आणि पडदा. आता ही पावलं जर वाजली नाहीत, तर मुलगी अंधारात उगाच बसलेली. म्हणजे सगळं मुसळ केरात.

आणि ती पावलं काकूंची होती. बऱ्याच वर्षांपूर्वी काकांनी काकूंना घराच्या जिन्यावरून वरखाली करायला लावलं होतं. कधी शेजारचं दार वाजलं, कधी खाली कुणी खोकलं, की पुन्हा पहिल्यापासून. तेव्हा काकू चढायच्या म्हणजे काय, जिनाच घाबरायचा. आता त्यांचे दोन्ही गुडघे कामातून गेले होते. हातात काठी आली होती, आणि पहिल्या वळणावर शेजाऱ्यांनी त्यांच्यासाठी स्टूल ठेवलं होतं, दम खायला. ती पावलं आता पुन्हा मिळायची नव्हती. डब्यात होती तेवढीच.

आज स्पर्धेचा प्रयोग होता आणि आयुष्यात पहिल्यांदा काकू नाटकाला येणार होत्या. आजवर त्या आल्या नव्हत्या, घरचीच भांडी तिकडे जाऊन काय ऐकायची म्हणून. पण ही पावलं त्यांना स्वतःची वाटत होती. त्यांनी जिन्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांना सांगून ठेवलं होतं, की माझी भूमिका आहे, शेवटी येते, पण नाटक तिच्यावरच उभं आहे. सकाळी केस धुतले होते. ठेवणीतली चप्पल काढली होती.

दुपारी काकांनी रंगमंचाच्या उजव्या बाजूला, आतल्या अंगाला, आपलं टेबल मांडलं. मंडळाचा लॅपटॉप ठेवला, शेजारी डबा ठेवला. टेबलाखाली एक विजेचा बोर्ड आयताच दिसला, त्यात एक भोक रिकामं, त्यात डब्याची वायर खोचली. मग नेहमीच्या सवयीनं ती वायर चिकटपट्टीनं जमिनीला अशी जखडून टाकली की हत्ती अडखळला तरी निघू नये. दुसरी वायर लॅपटॉपला लावली आणि बघतात तर काय, डबा दिसेना. लॅपटॉपच्या पडद्यावर बाकी सगळं होतं, डबाच तेवढा नव्हता.

काकांनी वायर काढून पुन्हा लावली. दुसऱ्या भोकात लावली. लॅपटॉप बंद करून चालू केला. मग डब्याला कान लावला, डोळे मिटले, आणि थोड्या वेळानं गंभीर चेहऱ्यानं जाहीर केलं, की आत काहीतरी सैल झालंय. ह्या कानानं आयुष्यभर जमिनीखालचं पाणी ऐकलं होतं, त्यामुळे कुणाला शंका घ्यायची सोय नव्हती. नंतर कळलं की त्यांना जे ऐकू येत होतं ते वरच्या पंख्याचं पातं होतं.

बातमी फुटली आणि उपायांचा पाऊस पडला. नाटकवाल्यांना दुसऱ्याच्या कामातलं फार कळतं. एकानं फुंकर मारा म्हणून सांगितलं. पडदेवाल्यानं थंडीत ठेवा म्हणून सुचवलं, त्याच्या मेव्हण्याच्या साडूनं म्हणे डिस्क फ्रिजमध्ये ठेवली होती. त्या डिस्कचं पुढे काय झालं, हे मात्र त्याला माहीत नव्हतं. नायिका पेशानं दातांची डॉक्टर. तिनं बारका आरसा घालून डब्याची भोकं तपासली आणि कीड नाही म्हणाली.

शेवटी दिग्दर्शकानं आपल्या मेव्हण्याला बोलावलं. हा एका ऑफिसात कॉम्प्युटरचंच बघायचा. आला, चष्मा वर केला, आणि पहिला प्रश्न विचारला, की वायर नीट लावलीय का. काकांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं दुसरा प्रश्न मनातच ठेवला. त्यानं नवी वायर लावून पाहिली, कॉम्प्युटरच्या पोटातली ती यादी उघडली जिच्यात जोडलेल्या सगळ्या डिस्क दिसतात, मग जिच्यात न दिसणाऱ्याही दिसतात ती यादीही उघडली. डबा दोन्हीकडे नव्हता. मग तो म्हणाला, वर ऑफिसात नेऊन बघू. काकांनी हळहळत चिकटपट्टी सोडवली आणि सगळी वरात जिना चढून वर गेली.

वरच्या खोलीत डबा लावला आणि लगेच निळा दिवा लागला. पडद्यावर डबा हजर, आत सगळे आवाज जागच्या जागी. काकांनी पावलं लावून पाहिली. टक, टक, टक, काकू जिना चढून आल्या. काकांच्या जिवात जीव आला.

मेव्हण्यानं सरळ सांगितलं, आत्ताच पावलं लॅपटॉपवर उतरवून घ्या आणि डब्याचा नाद सोडा. कुठल्याही शहाण्या माणसानं तेच केलं असतं. पण काकांना वचन आठवलं. शिंक आठवली, बँकेची रांग आठवली, त्या रात्री उपाशी झोपलेले स्वतः आठवले. लॅपटॉप मंडळाचा, तो उद्या कुणाच्या घरी जाईल, परवा काकूंची पावलं कुणाच्या फोनवर वाजतील, काय नेम? काका नाही म्हणाले. मेव्हण्यानं समजावलं, दिग्दर्शकानं हात जोडले, पण काका अडून बसले. वर चालतोय म्हणजे खालीही चालेल, म्हणाले. वरात खाली आली, वायर त्याच बोर्डात गेली, वरून दुप्पट चिकटपट्टी बसली, आणि डबा पुन्हा गायब.

हे का होत होतं ते एका माणसाला विचारलं असतं तर एका वाक्यात कळलं असतं. तो माणूस काकांपासून चार हातांवर बसला होता. तो म्हणजे दिवेवाला. धिप्पाड गडी, कोट घातला की दोन माणसांची सावली पडायची. पण काका आणि दिवेवाला एकमेकांशी बोलत नव्हते. झालं होतं असं, की एका तालमीत दिवेवाला झोपला आणि घोरायला लागला. काकांनी ते घोरणं टिपलं, जरासं संथ केलं, आणि पुढच्या नाटकात समुद्र म्हणून वाजवलं. समुद्राला बक्षीस मिळालं. दिवेवाल्याला कळलं तेव्हा तो पेटलाच. त्या वेळी एकट्या काकूंनी त्याची बाजू घेतली होती. मंडळाच्या चहाला आल्या होत्या, तिथे सगळ्यांसमोर नवऱ्याला सुनावलं, की झोपलेल्या माणसाचं काही घेऊ नये, आवाजसुद्धा. शिंकेचा अनुभव ताजा होता ना. तेव्हापासून दिवेवाला काकूंना मानायचा आणि काकांचं तोंड बघायचा नाही. दुपारी जाता जाता त्यानं डब्याकडे नजर टाकली आणि हवेत बोलावं तसं बोलला, "माझा समुद्र तरी शिल्लक आहे का?" काकांनी ऐकलं नाही असं दाखवलं. ज्याला रस्त्याखालचं पाणी ऐकू येतं, त्यानं.

मग रंगीत तालीम सुरू झाली आणि चमत्कार झाला. नायिका येऊन खिडकीत बसली, आणि डब्यावर निळा दिवा लागला. लॅपटॉपवर डबा दिसायला लागला, पाऊस वाजला, कुत्रं भुंकलं. काका खूश. तेवढ्यात घरमालक आला, म्हणजे दिग्दर्शकच, ती भूमिका तो स्वतः करायचा. तो आला आणि डबा गेला. तो निघून गेला, नायिका पुन्हा खिडकीत बसली, आणि डबा परत आला. एकदा झालं, दोनदा झालं, तिसऱ्यांदा सगळ्या मंडळानं श्वास रोखून पाहिलं. बाई आली की डबा उघडतो, दिग्दर्शक आला की तोंड फिरवतो.

मग काय विचारता. मंडळींना निमित्तच मिळालं. डबासुद्धा नाटक बघतो, त्यालाही कळतं कोण चांगलं काम करतंय, असं पडदेवाला म्हणाला. दिग्दर्शक भडकला, पण टेबलापासून लांबून जायला लागला. मेव्हण्यानं प्रयोग म्हणून नायिकेला दोन मिनिटं डब्याशेजारी उभं केलं, काही फरक पडला नाही. तेव्हा ठरलं, की शेजारी नको, ती खिडकीतच हवी. शिकलेली माणसं, पण कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. आणि काकांनी मनाशी हिशेब मांडला. शेवटच्या प्रवेशात घरमालक नाही, एकटी नायिका आहे आणि तीही खिडकीत. म्हणजे डबा दिसणार, पावलं वाजणार. ह्या विचारानं त्यांना इतकं बरं वाटलं की शेवटचा प्रवेश वेळेअभावी तालमीत घ्यायचा राहिला, त्याचंही त्यांना काही वाटलं नाही.

मध्येच काकूंचा फोन आला. कुठल्या बाजूला बसू म्हणून विचारत होत्या, डाव्या कानानं जरा कमी येतं आणि आपलीच पावलं आहेत, नीट ऐकू यायला हवीत. मग आवाज बारीक करून त्यांनी विचारलं, की तुमचा डबा म्हणे त्या दातवाल्या बाईंना बघून उघडतो, खरं का? ही बातमी घरापर्यंत पोचली कशी, देव जाणे. काकांनी घाम पुसला आणि मधल्या रांगेत बस म्हणून सांगितलं.

संध्याकाळी प्रयोग लागला. काकांनी पडद्याच्या फटीतून पाहिलं, काकू अख्खा जिना घेऊन आल्या होत्या. एक पूर्ण रांग त्यांच्या बिऱ्हाडांची. काकू बरोबर मध्ये, काठी गुडघ्यांमध्ये उभी धरून, हनुवटी जरा वर. त्या रंगमंचावर दिसणारच नव्हत्या, पण बसल्या मात्र नटीसारख्या होत्या. आज काही चुकलं तर ह्या बाईला ह्या सगळ्यांबरोबर घरी जायचंय, त्याच जिन्यानं, स्टुलावर बसत बसत.

नाटक छान रंगलं. नायिका आली की डबा येई, घरमालक आला की जाई, आणि घरमालकाच्या प्रवेशात लागणारी दारावरची थाप काका मुठीनं टेबलावर वाजवत. सगळं सुरळीत चाललं होतं. मग शेवटचा प्रवेश आला. नायिका खिडकीत बसली. निळा दिवा लागलेला. काकांनी पावलांवर बोट आणून ठेवलं.

दिवेवाल्यानं दिवे उतरवायला घेतले. ह्या उतरवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. खोलीतला दिवा गेला, कोपऱ्यातला गेला. शेवटी खिडकीबाहेरचा रस्त्यावरचा दिवा तेवढा उरला, जो काकांच्या अगदी शेजारी एका उंच दांड्यावर बसवलेला होता. मग तोही मंदावत गेला, मंदावत गेला. काका त्या दिव्याकडे बघत होते. मग डब्याकडे बघितलं. निळा दिवा मिणमिणला. रस्त्यावरचा दिवा विझला आणि त्याच्या पाठोपाठ निळा दिवा विझला.

तेव्हा काकांना गळती सापडली. टेबलाखालचा तो आयता बोर्ड त्यांचा नव्हताच. तो दिवेवाल्याच्या डिमरचा होता, ज्या खटक्यानं रस्त्यावरचा दिवा कमीजास्त व्हायचा त्याच खटक्यावर डब्याची वीज होती. नायिका खिडकीत बसली की तो दिवा लागायचा, घरमालक आला की तो दिवा जायचा. लॅपटॉप आपल्या बॅटरीवर चालत राहायचा, म्हणून कुणाला शंकाही आली नाही. डब्याला ना बाईचं सोयर होतं ना दिग्दर्शकाचं सुतक. त्याला फक्त वीज हवी होती.

"कोण आहे?" नायिकेनं अंधारात विचारलं. वास्तविक आधी पावलं, मग हे वाक्य. पण पावलं आली नाहीत म्हणून बिचारीनं वाट बघून विचारलं. जिन्यावर शांतता.

काकांनी वायर उपटायला हात घातला. चिकटपट्टी. दुप्पट. त्यांनी स्वतः लावलेली. नखं तुटली, पण वायर हलेना. मग ते रांगत दिवेवाल्यापाशी गेले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्याशी बोलले.

"तो रस्त्यावरचा दिवा लावा हो."

"अंधार आहे आत्ता," दिवेवाला कुजबुजला. "नाटकात अंधार आहे."

"माझा डबा तुमच्या दिव्यावर आहे. माझीच चूक. न विचारता वायर घातली."

"कोण आहे?" नायिकेनं पुन्हा विचारलं. प्रेक्षकांत कुणीतरी खोकलं.

"आमची ही समोर बसलीय," काका म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता, आणि आपला आवाज कापतोय हे त्यांनाही ऐकू आलं. "तिची पावलं आहेत ती."

"वहिनींची?" दिवेवाला म्हणाला.

एवढंच. मग त्यानं खटका वर सरकवला, आणि दिवा पेटतो न पेटतो तोच उठून त्या दिव्यापुढे जाऊन उभा राहिला. दिव्याकडे पाठ, कोटाची दोन्ही टोकं हातांनी पसरलेली. स्पर्धेत बक्षीस त्याच्या अंधारालाही होतं, ते हातचं जाणार होतं, पण त्यानं स्वतःच्या पाठीनं जेवढा झाकता आला तेवढा झाकला. दिवा तापत होता. कोटाचा वास यायला लागला. डबा खाकरला, फिरायला लागला, निळा दिवा लागला, पडद्यावर डबा आला, आणि काकांनी बोट दाबलं.

टक. टक. टक. टक. काकू जिना चढायला लागल्या. भराभर, ठामपणे, पायरी न पायरी वाजवत. आणि दिवेवाल्याच्या अंगाच्या कडेनं निसटलेल्या उजेडानं खिडकीतून समोरच्या भिंतीवर एक भलीमोठी सावली पडली. ती कुणी ठरवली नव्हती. पावलं चढतायत, भिंतीवर सावली, ती कोटाच्या थरथरण्यानं हलतेय. थिएटरमधून एकदम श्वास ओढल्याचा आवाज आला. मधल्या रांगेतल्या एका शेजारणीनं बारीक किंकाळी फोडली.

पावलं दारापाशी थांबली. "कोण आहे?" नायिकेनं तिसऱ्यांदा विचारलं.

आणि त्या अंधारात, त्या शांततेत, मधल्या रांगेतून स्वच्छ खणखणीत आवाज आला. "घाबरू नका. मीच आहे."

काकू शेजारणीला धीर देत होत्या. पण ते सगळ्या थिएटरला ऐकू गेलं. पडद्यामागे दिग्दर्शकानं कपाळावर हात मारला. काकांनी डोळे मिटून घेतले. नायिका मात्र पक्की. रोज दुखऱ्या दाढांच्या लोकांशी गोड बोलणारी बाई ती. एक क्षण थांबली आणि अगदी हळू म्हणाली, "आई?"

पडदा पडला. टाळ्या अशा पडल्या की काकांनासुद्धा त्यातलं काही वेगळं ऐकू येईना.

नंतर परीक्षकांपैकी एकानं आत येऊन विचारलं, की आईला प्रेक्षकांत बसवायची कल्पना कुणाची. दिग्दर्शक क्षणाचाही विलंब न लावता माझीच म्हणाला. आणि ती सावली? तीही त्याचीच. दिवेवाला कोपऱ्यात कोट काढून बसला होता, कोटाला पाठीवर तपकिरी डाग पडला होता आणि नायिका त्याच्या पाठीला दाताला लावायचं मलम लावत होती, जवळ तेवढंच होतं. काका त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. म्हणाले, समुद्र आजच पुसून टाकतो. दिवेवाला म्हणाला, पुसायची गरज नाही, पण पुढच्या वेळी नाव छापा. मग उठून त्यानं चिकटपट्टी सोडवायला घेतली, काका त्याच्या शेजारी बसले, आणि दोघांनी मिळून डबा मोकळा केला.

काकू बाहेरच्या बाकावर थांबल्या होत्या. जिन्यातली मंडळी पुढे गेली होती, पण जाताना प्रत्येकजण त्यांचा हात हातात घेऊन गेला होता. खरं तर आज त्यांनी काकांना फैलावर घ्यायला हवं होतं, किमान दातवाल्या बाईवरून तरी. त्या काहीच बोलल्या नाहीत. काका शेजारी बसले. त्यांना वाटलं, पावलं नीट वाजली नाहीत की काय. तसं त्यांनी विचारलंही.

"अहो," काकू म्हणाल्या, "किती भराभर चढायचे हो मी."

ती पावलं काकांनी कित्येकदा ऐकली होती. मागचं दार काढून टाकताना, खोकला काढून टाकताना, कमीजास्त करताना. पण हे त्यांना कधी ऐकू आलं नव्हतं.

मग दोघं निघाले. थिएटरला बाहेर दगडी पायऱ्या होत्या. डबा दिवेवाल्यानं उचलला होता, तो मागून सावकाश येत होता. काकूंनी काठी खालच्या पायरीवर टेकली, एक पाय ठेवला, मग दुसरा, मग जरा थांबल्या. पुन्हा काठी. काकांचा हात आपोआप खिशाकडे गेला आणि मध्येच थांबला. काकूंनी ते पाहिलं.

"घ्या की," त्या म्हणाल्या. "म्हातारीची भूमिका लागेल कधीतरी. पण मला घाई करायची नाही."

काकांनी यंत्र काढलं आणि चालू केलं. दुसऱ्या हातानं काकूंचा दंड धरला. काठी, पाय, पाय. तिसऱ्या पायरीवर काकू बोलायला लागल्या. शेजारीण कशी किंचाळली ते, मग डाव्या गुडघ्याचं, मग ठेवणीतली चप्पल चावते त्याचं, मग कुठली तरी जुनी गोष्ट, त्या जिन्याची, काकांनी त्यांना वरखाली करायला लावलं होतं त्या दिवसाची, की तेव्हा त्यांना किती तहान लागली होती आणि त्यांनी ती सांगितली नव्हती. पावलांवर सगळं बोलणं येत होतं. ह्या रेकॉर्डिंगचा नाटकाला काडीचा उपयोग होणार नव्हता. अशा वेळी काका नेहमी तोंडासमोर बोट धरायचे. त्या दिवशी त्यांनी धरलं नाही. पायऱ्या संपल्या तरी काकू बोलत होत्या आणि काका ऐकत होते.